छातीतील दाह : पित्त, अन्ननलिका आणि हृदय

प्रश्नाची व्याप्ती

छत्रपती संभाजीनगरातून दिल्ली दरवाज्याबाहेर पडून जळगावच्या हमरस्त्याला लागले म्हणजे थोड्याच वेळात हर्सूल येते. तलाव, हरसिद्धी मातेचे देवस्थान आणि मध्यवर्ती कारागृह या खुणांनी परगावच्या लोकांस परिचित असलेले, आणि मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी शहराला पाणी पुरविण्यासाठी जी नहर बांधली तिचा उगम ज्याच्या परिसरातील टेकड्यांत आहे असे हे जुने गाव आता महानगराच्या हद्दीत विलीन झाले आहे, आणि त्याबरोबर तेथील माणसाच्या दिनक्रमाचेही रूपांतर झाले आहे. शेतावरून दिवेलागणीला परतून भाकरी खाणाऱ्या आणि अंगणात घटकाभर बसून मग झोपणाऱ्या पिढीच्या जागी चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांच्या पाळ्या सांभाळणारी, रात्री उशिरा जेवून लगेच अंथरुणाला पाठ टेकणारी पिढी आली. आणि 'छातीत जळजळतं', 'आंबट पाणी घशाशी येतं', 'करपट ढेकरा येतात' ही कैफियत आता पूर्वीसारखी केवळ सणावारानंतरची राहिलेली नाही. पाहुण्याच्या खिशात, शिक्षकाच्या मेजाच्या खणात, वाहनचालकाच्या आसनाजवळ गोळ्यांची पट्टी आढळावी, आणि ती कोणी कधी सुरू करून दिली याचे स्मरण त्या इसमास नसावे, ही गोष्ट हर्सुलातच काय, महाराष्ट्रात कोठेही नवलाची नाही.

या तक्रारीचे स्वरूप काय, तिच्यावरील इलाजांबाबत तज्ज्ञांत कोणकोणती मते आहेत, आणि मुख्य म्हणजे छातीतला प्रत्येक दाह पित्ताचाच समजण्यात धोका कोठे आहे, याचा क्रमवार आढावा घेण्याचा हेतू येथे आहे. आरंभीच एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्याकडे माणूस 'मला पित्ताचा त्रास आहे' असे सांगतो तेव्हा त्याच्या मनात छातीतली जळजळ असू शकते, उन्हातून आल्यावर अर्धे डोके ठणकून उलटी झाल्यावर उतरणारी अर्धशिशी असू शकते, किंवा अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या गांधीही असू शकतात. हे तीन सर्वस्वी भिन्न विकार आहेत आणि आम्ल कमी करणारी गोळी त्यांपैकी पहिल्यापुरतीच उपयोगाची आहे. म्हणून वैद्यापुढे जाताना 'पित्त' एवढ्यावर न थांबता नेमके काय होते, कोठे होते आणि केव्हा होते हे सांगणे रुग्णाच्या हिताचे ठरते.

भारतातील प्रमाणाबाबत जो आधार वारंवार दिला जातो तो भारतीय जठरांत्ररोग संघटनेच्या कृतिगटाने १२ केंद्रांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा. तीत ३२२४ व्यक्तींपैकी २४५ जणांना, म्हणजे शेकडा ७.६ इतक्यांना, आठवड्यातून किमान एकदा जळजळ किंवा आंबट पाणी वर येण्याचा त्रास होता. पाश्चात्त्य देशांतील आकड्यांच्या मानाने हे प्रमाण कमी आहे. परंतु पुढील काळात निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या अहवालांत ते याहून बरेच चढेही आढळले, आणि ही तफावत प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची की खरोखरीच्या वाढीची, याविषयी एकमत नाही.

पूर्वपीठिका

अम्लपित्ताचा स्वतंत्र व्याधी म्हणून विचार काश्यपसंहितेत आणि त्यानंतर माधवनिदानात आढळतो. चरकसंहितेत ही संज्ञा येते, पण तिला वेगळा अध्याय नाही. माधवकराने वर्णिलेली लक्षणे, म्हणजे अन्न न पचणे, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, हृदय व कंठ या ठिकाणचा दाह आणि अरुची, आजच्या चिकित्सकानेही मान्य करावीत इतकी नेमकी आहेत, आणि ऊर्ध्वग व अधोग हा त्याने केलेला भेद तर आम्ल वर चढण्याच्या कल्पनेच्या फार जवळ जातो. काश्यपाचे एक निरीक्षण मला विशेष विचारणीय वाटते: पाणथळ, दमट अशा आनूप देशात हा विकार अधिक बळावतो आणि औषधाने शमत नसेल तर देशांतर करावे, असे तो सुचवितो. मराठवाड्याची भूमी आनूप नव्हे, ती कोरडी आणि अवर्षणप्रवण आहे. तरीही तक्रार येथे घरोघरी आहे, यावरून देशापेक्षा दिनचर्येचे पारडे आज जड झाले असावे असा तर्क करण्यास जागा आहे.

या शहरात आयुर्वेदाच्या जोडीने युनानी परंपराही दीर्घकाळ नांदली. हकीम या विकारास जठराची आम्लता मानतात आणि जिऱ्याची जवारिश-ए-कमूनी किंवा आवळ्याची जवारिश देतात. वैद्य अविपत्तिकर चूर्ण, सूतशेखर, कामदुधा, शंखभस्म यांची योजना करतात. आणि या दोन्ही परंपरांच्या छायेखाली घरातील आजीबाईचा बटवा आहेच, ज्यात धने-जिऱ्याचे पाणी, आमसुलाचे सार, मोरावळा, गुलकंद आणि जेवणानंतरची बडीशेप यांना मान आहे.

पाश्चात्त्य वैद्यकाचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. जठररसातील आम्ल हे मिठाचे आम्ल आहे हे विल्यम प्राउट याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. बंदुकीच्या जखमेमुळे पोटाला कायमचे छिद्र राहिलेल्या ॲलेक्सिस सेंट मार्टिन या इसमाच्या जठराचे निरीक्षण करून विल्यम बोमाँट याने १८३३ मध्ये पचनक्रियेवरचा आपला ग्रंथ सिद्ध केला. तथापि आम्लाचा दोष जठरापुरता न राहता वर अन्ननलिकेस पोळतो, ही कल्पना अॅशर विंकेलस्टाइन याने १९३५ मध्ये मांडेपर्यंत रुजली नव्हती. आणि १९५१ मध्ये फिलिप अॅलिसन याने तिची सांगड जठराचा भाग छाती व पोट यांमधील पडद्यातून छातीत सरकण्याशी, म्हणजे हायटस हर्नियाशी घातली. त्यानंतर कित्येक वर्षे हर्निया म्हणजेच रोग अशी समजूत राहिली. १९८० च्या सुमारास जॉन डेंट व वायली डॉड्स यांच्या संशोधनाने ती बदलली: अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेले स्नायूचे कडे गिळण्याचे कारण नसतानाही मधूनच काही सेकंद सैल पडते, आणि आम्ल चढण्याचे बहुतेक प्रसंग या सैलपणातून घडतात, असे त्यांनी दाखविले.

शरीरात काय घडते

निरोगी माणसातही जेवणानंतर थोडे आम्ल वर येतेच. लाळ आणि अन्ननलिकेची हालचाल ते पुसून काढतात. त्रास होतो तो हे प्रसंग वाढले, आम्ल वर फार काळ रेंगाळले किंवा अन्ननलिकेची संवेदना तीक्ष्ण झाली म्हणजे. पोटाचा घेर वाढला की जठरावर खालून दाब येतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे कडे सैल पडते. तंबाखू, मद्य, आणि रक्तदाब व हृदयविकारावरची काही औषधेही तेच करतात. भरपेट जेवणानंतर अन्नाच्या वरच्या थरावर आम्लाचा एक साठा तरंगत असतो, आणि माणूस उताणा निजला किंवा वाकून ओझे उचलू लागला की तो साठा वरच्या तोंडाशी येतो. डाव्या कुशीवर निजले असता जठराची पिशवी अन्ननलिकेच्या खाली राहते, उजव्या कुशीवर ती वर येते. जेवणानंतर वामकुक्षी घ्यावी या जुन्या रिवाजास आधुनिक मोजमापांनी पाठबळ दिले आहे. काही औषधी गोळ्या पाण्याविना किंवा निजतानिजता घेतल्यास अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण करतात. डॉक्सिसायक्लिन आणि हाडांसाठी दिली जाणारी अॅलेन्ड्रोनेट यांची या बाबतीत विशेष ख्याती आहे, आणि ही जळजळ आम्लाची समजून तिच्यावर पुन्हा गोळ्याच घेतल्या जातात.

हृदय की अन्ननलिका

या विषयाचा सर्वांत गंभीर भाग हा आहे, आणि तज्ज्ञांत येथे फारसा मतभेद नसूनही व्यवहारात चुका येथेच अधिक होतात.

हृदय आणि अन्ननलिका छातीत एकमेकांस लागून आहेत एवढेच नव्हे, तर त्यांच्या वेदना वाहून नेणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यातील बहुतांशी त्याच वरच्या वक्षखंडांत शिरतात. त्यामुळे वेदनेचा उगम कोणता हे मेंदूलाही खात्रीने कळत नाही. ठोकळमानाने पाहता, आम्लाची जळजळ छातीच्या मधल्या हाडामागून वर घशाकडे सरकते, जेवणानंतर, वाकल्यावर वा निजल्यावर वाढते, तोंडाला आंबट चव आणते आणि आम्लनाशक घेतल्यावर काही मिनिटांत ओसरते. हृदयाची वेदना बहुधा जळजळीपेक्षा दाब, आवळ किंवा जडपणा या रूपाने येते, चढण चढताना वा श्रम करताना सुरू होऊन थांबल्यावर कमी होते, डाव्या हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे पसरते आणि दरदरून घाम, दम लागणे, जीव घाबरा होणे यांची तिला साथ असते. परंतु या ठोकळमानावर प्राणाची पैज लावता येत नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त कमी पडले तर वेदना चक्क पोटाच्या वरच्या भागात येते, मळमळ आणि उलटी होते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तर पुष्कळदा केवळ 'गॅस धरला', 'अस्वस्थ वाटतं' इतकेच लक्षण असते.

ज्या खुणांवर लोकांचा विशेष भरवसा असतो त्या दोन्ही खुणा फसव्या आहेत. ढेकर येऊन किंवा सोडा, इनो, डायजिन घेऊन बरे वाटले म्हणजे हृदय निर्दोष ठरले, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात हृदयाची वेदना स्वभावतःच कमीजास्त होत असते आणि तिच्या उताराशी ढेकर जुळून आली तर ती केवळ योगायोगाची असू शकते. तसेच जिभेखाली धरावयाच्या नायट्रेटच्या गोळीने दुखणे थांबले म्हणजे ते हृदयाचेच, हेही खरे नाही, कारण त्या गोळीने अन्ननलिकेची आकडीही सुटते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीत दुखून आलेल्या ४५९ रुग्णांना नायट्रोग्लिसरीन दिले असता, ज्यांना खरोखर हृदयधमनीचा विकार होता त्यांच्यापैकी शेकडा ३५ जणांना आणि ज्यांना नव्हता त्यांच्यापैकी शेकडा ४१ जणांना आराम पडला. गोळीचा गुण हा निदानाचा दाखला नव्हे, हे यावरून पुरेसे स्पष्ट होते.

आपल्या लोकांच्या बाबतीत हा सावधपणा अधिकच आवश्यक ठरतो. बावन्न देशांत केलेल्या इंटरहार्ट अभ्यासाच्या दक्षिण आशियाविषयक विश्लेषणात, जे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, आपल्या भागातील लोकांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे आणि इतर देशांत ५८.८ वर्षे असे आढळले. म्हणजे ज्या वयात माणूस 'अजून आपल्याला काय होतंय' म्हणून जळजळीकडे दुर्लक्ष करतो त्याच वयात येथे हृदयविकाराचा संभव सुरू झालेला असतो. तेव्हा वेदना पंधरा मिनिटांहून अधिक टिकली, श्रमाने वाढली, घाम, दम, चक्कर किंवा हात-जबड्याकडे कळ अशी जोड तिला मिळाली, अथवा मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू किंवा घराण्यात अकाली हृदयविकार असलेल्या माणसास ती प्रथमच झाली, तर ती पित्ताची आहे असे गृहीत धरण्याचा अधिकार कोणासही नाही. अशा वेळी स्वतः दुचाकी चालवीत न जाता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या सुमारास ॲस्पिरिन चावून घेण्याविषयी त्या सेवेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास विचारावे. रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघावा असा सर्वमान्य संकेत आहे, आणि पहिला ईसीजी ठीक दिसला तरी संशय असल्यास तो पुन्हा काढून रक्तातील ट्रोपोनिनही काही तासांच्या अंतराने तपासतात. हर्सुलापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला सारे शहर 'घाटी' म्हणते आणि ज्या महाविद्यालयाची स्थापना १९५६ ची आहे, फार लांब नाही. वेळ जातो तो बहुधा घरातल्या घरात, 'थोडं ताक पिऊन बघू' या चर्चेत.

निदानाचे मार्ग आणि त्यांवरील वाद

हृदयाचा संशय फिटल्यावर पुढचा प्रश्न येतो: ही जळजळ आम्लाचीच आहे हे कसे ठरवावे? २००६ च्या माँट्रियल व्याख्येने रुग्णाच्या त्रासास प्राधान्य दिले. जठरातील द्रव वर येऊन ज्यामुळे उपद्रवकारक लक्षणे किंवा गुंतागुंत होते तो हा रोग, असे ती म्हणते. ही व्याख्या मानणाऱ्या पहिल्या पक्षाच्या मते नमुनेदार लक्षणे असतील आणि धोक्याची चिन्हे नसतील तर तपासण्यांत पैसा न घालविता आठ आठवडे औषध देऊन पाहावे. गिळताना अन्न अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच, पांडुरोग, सततची उलटी, आणि पन्नाशी-साठीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास ही ती चिन्हे. यांपैकी एकही असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकू नये याबद्दल दोन्ही पक्ष सहमत आहेत.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, लक्षणांवर विसंबण्याने चुकीच्या माणसांना वर्षानुवर्षे औषध मिळते. दुर्बिणीत बहुसंख्य रुग्णांची अन्ननलिका निर्दोष दिसते, म्हणून त्यांच्यासाठी नाकातून बारीक नळी घालून दिवसभर आम्लाची नोंद घेणारी तपासणी करावी. २०१८ च्या लिओं सहमतीने दिवसातील शेकडा ६ हून अधिक वेळ अन्ननलिकेत आम्ल असणे हे रोगाचे निश्चित प्रमाण, शेकडा ४ हून कमी असणे हे प्रकृतीचे, आणि मधला भाग संदिग्ध ठरविला. या पक्षाच्या बाजूने सर्वांत प्रभावी पुरावा २०१९ मधील एका अमेरिकन चाचणीत मिळतो. औषधाने बरी न होणारी जळजळ म्हणून पाठविलेल्या ३६६ रुग्णांची बारकाईने छाननी झाली तेव्हा ४२ जण औषध योग्य रीतीने घेतल्याबरोबर सुधारले, ९९ जणांची जळजळ आम्लाशी संबंध नसलेली, म्हणजे अन्ननलिकेच्या अतिसंवेदनेची निघाली, आणि अखेरीस शस्त्रक्रिया की औषध या तुलनेस पात्र ठरले केवळ ७८.

मला स्वतःस या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर वाटते. आठ आठवड्यांच्या औषधाने सुधारून ते थांबविता आलेल्या माणसास नळी घालण्याचे कारण नाही. पण जो तीन वर्षे गोळी घेत आहे आणि तरीही जळजळतो, त्याची मात्रा दुप्पट करण्याआधी एकदा मोजमाप झालेच पाहिजे. ही तपासणी मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांतच होते, ही अडचण मात्र खरी आहे.

औषधांचा प्रश्न

आम्लनाशके ताबडतोब काम करतात आणि तितक्याच लवकर ओसरतात. खाण्याच्या सोड्याने पोटात वायू होऊन ढेकर येतो, परंतु त्यातील सोडियम रक्तदाब व मूत्रपिंडाच्या रुग्णांस बाधक असते. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, पण त्यातील प्रथिने व चुना जठरास पुन्हा आम्ल स्रवावयास लावतात. समुद्रशैवालापासून केलेली अल्जिनेटची औषधे अन्नाच्या वर साय धरल्यासारखा थर बनवून आम्लाच्या साठ्यास खाली रोखतात. गरोदर स्त्रियांसाठी ती उपयुक्त मानली जातात.

जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन १९७६ मध्ये बाजारात आले आणि या क्षेत्रात नवा अंमल सुरू झाला. पाठोपाठ १९८१ मध्ये रॅनिटिडीन आले, जे आपल्याकडे घराघरांत पोहोचले. त्यात एनडीएमए या कर्कजनक द्रव्याचा अंश आढळल्याची बातमी २०१९ मध्ये आली, २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ते बाजारातून मागे घ्यावयास सांगितले, आणि भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतून २०२२ मध्ये ते वगळले गेले. त्याची जागा ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या वर्गाने आधीच घेतली होती. ही औषधे जठराच्या पेशींतील आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करतात, आणि पंप अन्नाच्या चाहुलीने जागृत होत असल्यामुळे गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यावयास हवी. आपल्याकडे ती जेवणानंतर किंवा त्रास झाल्यावर घेतली जाते, आणि मग 'गुण येत नाही' म्हणून मोठी गोळी मागितली जाते. डॉम्पेरिडोन मिसळलेल्या संयुक्त गोळ्यांचा येथे जो सर्रास वापर आहे तोही फेरविचारास पात्र आहे. हृदयाच्या लयीवरील परिणामामुळे युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये त्या द्रव्याच्या वापरावर मर्यादा घातल्या.

दीर्घकाळ पंपरोधक घेण्याचे परिणाम हा आजचा सर्वांत गाजलेला वाद होय. एका बाजूस हाडे मोडणे, मूत्रपिंडाचा विकार, स्मृतिभ्रंश, ब-१२ व मॅग्नेशियमची न्यूनता, आतड्याचे जंतुसंसर्ग यांच्याशी या औषधांचा संबंध दाखविणारे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. दुसऱ्या बाजूस २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली कॉम्पास चाचणी आहे, जीत १७,५९८ हृदयरुग्णांस पॅन्टोप्राझोल किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन सुमारे तीन वर्षे पाहिले असता आतड्याचे संसर्ग तेवढे किंचित वाढले, शेकडा १.० ऐवजी १.४, बाकीच्या भयांस दुजोरा मिळाला नाही. तीन वर्षांची मुदत दहा-पंधरा वर्षे गोळी घेणाऱ्यांस लागू पडते का, हा आक्षेप अद्याप उभा आहे. मात्र एका गोष्टीचा पुरावा स्वच्छ आहे: २००९ च्या एका अभ्यासात आम्लाचा कसलाच त्रास नसलेल्या १२० निरोगी स्वयंसेवकांपैकी ज्यांना आठ आठवडे औषध देऊन ते बंद केले त्यांच्यातील शेकडा ४४ जणांना नव्याने जळजळ वगैरे सुरू झाली, निष्क्रिय गोळीच्या गटात हे प्रमाण १५ होते. गोळी सोडल्यावर पुन्हा जळजळते, म्हणून ती आयुष्यभर हवी, असे मानणाऱ्या पुष्कळांची अडचण ही उसळी असते. औषध एकदम न थांबविता हळूहळू उतरविले आणि मधल्या दिवसांत साध्या आम्लनाशकाचा आधार घेतला तर ती बहुधा निभावते.

गोळी मुळीच सोडू नये असेही रुग्ण आहेत. अन्ननलिकेला खोल जखमा असलेले, बॅरेटची विकृती, म्हणजे आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल, असलेले, आणि हृदयासाठी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल घेत असताना जठरातून रक्तस्रावाचा धोका असलेले लोक यांत मोडतात. क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल टाळावे अशी सूचना अमेरिकी प्रशासनाने २००९ मध्ये दिली आहे, म्हणून त्यांना बहुधा पॅन्टोप्राझोल देतात. शस्त्रक्रियेचा मार्ग रुडॉल्फ निसेन याने १९५५ मध्ये दाखविला, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याचा. निवडक रुग्णांत तिचे निकाल चांगले आहेत, परंतु ढेकर न देता येणे व पोट फुगणे ही तिची किंमत काहींना मोजावी लागते.

आहार आणि विहार

मराठवाड्याच्या ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, येसराची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि या शहराची ओळख असलेला नान-खलिया आहे, आणि पित्ताचा विषय निघाला की दोष प्रथम तिखटावर येतो. मिरचीतील दाहक द्रव्य अन्ननलिकेच्या संवेदी तंतूंना उत्तेजित करून जळजळ लवकर आणि तीव्र भासविते, हे प्रयोगांत दिसले आहे. पण ते आम्ल वाढविते असे सिद्ध झालेले नाही, आणि नित्य तिखट खाणाऱ्यांत ही संवेदना बोथटते असेही काही संशोधक मानतात. म्हणून सरसकट ठेचा बंद करण्याचा फतवा काढण्याऐवजी ज्याला ज्या पदार्थाने त्रास होतो त्याने तो टाळावा, हा मध्यममार्ग बहुतेक मार्गदर्शिका स्वीकारतात.

त्यामानाने जेवणाच्या वेळेचा पुरावा अधिक भक्कम आहे. २००५ च्या एका जपानी अभ्यासात रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांहून कमी अंतर ठेवणाऱ्यांत, चार तास वा अधिक अंतर ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, या विकाराचा संभव सुमारे सातपट आढळला. वजन कमी करणे आणि पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा लावून सहा ते आठ इंच उंच करणे (नुसत्या उशा वाढविल्याने पोट मुडपून उलट दाब वाढतो) यांनाही चांगला आधार आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासाचे २०२१ मधील विश्लेषण सांगते की, योग्य वजन, तंबाखूवर्जन, रोज अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी-सोडा दोन पेल्यांपर्यंत आणि भाजीफळांचा आहार या पाच गोष्टी पाळल्यास तेथील स्त्रियांतील नियमित जळजळीपैकी सुमारे शेकडा ३७ इतकी टळू शकली असती. आपल्या ग्रामीण स्त्रियांत मिसरी लावण्याचा जो रिवाज आहे त्याची गणना तंबाखूतच केली पाहिजे. पित्त कमी व्हावे म्हणून मिसरी लावणाऱ्या स्त्रीला ही गोष्ट आपुलकीने समजावून सांगणे हे आशा कार्यकर्तीपासून डॉक्टरापर्यंत सर्वांचे काम आहे.

उपवासाबाबत स्वतंत्र विचार हवा. नवरात्रात हरसिद्धीच्या दर्शनास अनवाणी येणारा भाविक दिवसभर चहावर राहतो आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी भरपेट घेतो. रमजानात सूर्यास्तानंतरच्या तळणाने व पहाटे सहेरी घेऊन लगेच झोपण्याने हेच घडते. व्रत मोडण्याचा सल्ला देण्याचे कारण नाही. फराळ दोन वेळांत विभागणे, तळण कमी करणे, चहा मर्यादेत ठेवणे आणि खाणे व निजणे यांत अंतर राखणे इतक्यानेही पुष्कळ साधते. मधुमेह्यांनी तेवढे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. पोटाने श्वास घेण्याच्या सरावाने पडद्याचे स्नायू बळकट होऊन लक्षणे कमी होतात असे छोट्या चाचण्यांत दिसले आहे, आणि प्राणायामाची सवय असलेल्यांस तो सहज जमतो. शीर्षासनासारखी डोके खाली करणारी आसने मात्र या रुग्णांनी टाळावीत.

जे अनिर्णीत आहे

आयुर्वेदीय योगांविषयी अनुभव विपुल आहे, परंतु मोठ्या, तुलनात्मक आणि दीर्घ मुदतीच्या चाचण्या थोड्या आहेत, आणि त्यांत रोगाची व्याख्या अम्लपित्ताची घ्यावी की आम्लमापनाची, या मूलभूत मुद्द्यावरच दोन शास्त्रांची भाषा जुळत नाही. धातुयुक्त भस्मांच्या शुद्धतेचा प्रश्न स्वतंत्र आहे. ती घ्यावयाची तर प्रमाणित निर्मात्याची आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये शोधलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू अल्सरचे कारण ठरला आणि २००५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. परंतु हा जंतू काहींच्या जठरातील आम्ल घटवितो, म्हणून त्याचा नायनाट केल्यास जळजळ वाढते की काय, या शंकेने १९९७ पासून बराच वाद माजविला. नंतरच्या बहुतेक विश्लेषणांनी सर्वसाधारण रुग्णांपुरती ती शंका फेटाळली, तरी हा जंतू ज्यांच्यात फार आढळतो अशा आशियाई समाजांत प्रश्न पूर्ण निकालात निघालेला नाही. पोटॅशियमशी स्पर्धा करून पंप रोखणारी व्होनोप्राझानसारखी औषधे जपानात २०१५ पासून आणि अलीकडे भारतातही मिळू लागली. ती अधिक जोरदार व जेवणाच्या वेळेवर कमी अवलंबून आहेत, परंतु आम्ल इतके खोलवर आणि इतका काळ दाबण्याचे फळ पुढे काय, हे सांगण्याइतकी वर्षे अद्याप गेलेली नाहीत.

आणि घशाचा प्रश्न सर्वांत किचकट राहिला आहे. सततचा खोकला, आवाज बसणे, घशात काहीतरी अडकल्याची भावना या तक्रारी आम्लामुळे आहेत असे धरून शिक्षक, कीर्तनकार, वकील अशा आवाजावर पोट भरणाऱ्या लोकांस महिनोन्महिने पंपरोधक दिले जातात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ३४६ रुग्णांस दिवसातून दोनदा लॅन्सोप्राझोल किंवा निष्क्रिय गोळी १६ आठवडे दिली असता दोन्ही गटांत सुधारणा सारखीच झाली. तरीही छातीतल्या जळजळीसह घशाचा त्रास असलेल्यांचा एक लहान गट औषधाने सुधारतो असे चिकित्सकांचे निरीक्षण आहे. त्यांना आधी गोळी देऊन पाहावे की आधी दिवसभराची आम्लनोंद घ्यावी, याबाबत घशाचे तज्ज्ञ आणि पोटविकाराचे तज्ज्ञ यांची मते आजही निरनिराळी आहेत.